आता कोणत्या तोंडाने जाऊ डॉक्टरांकडे?

प्रश्न: ताई नमस्कार, माझे मिस्टर ४१ वर्षांचे आहेत. डिप्रेशनसाठी दीड वर्ष एस्सिटालोप्राम चालू होती आणि चांगला फरकही पडला होता. दोन महिन्यांपूर्वी कुणाला न सांगता बंद केली, मलाही गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. आता परत पहाटे तीनला उठून बसतात, कामावर दांड्या मारतात, मुलांवर खेकसतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं की "आता कोणत्या तोंडाने जाऊ" म्हणतात, कारण मागे चार-पाच डोस चुकले तेव्हा डॉक्टर बाहेरच्या पेशंटना ऐकू जाईल असे ओरडले होते, "ऐकायचंच नसेल तर येता कशाला". सासूबाईंना यातलं काही माहीत नाही, गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ठेवतो. त्यांना सांगून टाकू का?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, आणि त्या डॉक्टरांचा रागही आला. मी बरीच वर्षं ओपीडीत समुपदेशनाचं काम केलंय, तिथे एक पेशंट यायचे ते चिठ्ठी हातात पडली की आधी वरचा दवाखान्याच्या नावाचा भाग नखाने दुमडून दुमडून फाडायचे आणि मगच मेडिकलमध्ये जायचे, का तर तिथला मुलगा ओळखीचा. इतकी लाज घेऊन माणूस दारापर्यंत येतो, आणि आत गेल्यावर चारचौघात बोलणी बसली की पुढच्या वेळी डोस चुकला तरी "हो, घेतो ना रोज" म्हणून मोकळा होतो, नाहीतर यायचंच बंद करतो. मग डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, डोस वाढतो, म्हणजे उपचारच चुकीच्या माहितीवर चालतात. पेशंटला शिस्त लावायला ओरडतो असं म्हणणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही.

"माझं चुकलं" असं वाटलं तर माणूस जाऊन चूक दुरुस्त करतो. पण "मीच असला, माझ्यात दमच नाही" असं वाटायला लागलं की तो तोंड लपवतो, आणि डिप्रेशन परत डोकं वर काढतं तेव्हा तर हे जास्तच वाटतं, कारण स्वतःला कमी लेखणं हे त्या आजाराचंच लक्षण आहे. त्यामुळे "तुम्हीच बंद केलीत, आता भोगा" हे वाक्य रागातसुद्धा तोंडातून जाऊ देऊ नका.

आता गोळी बंद का केली ते त्यांनी तुम्हाला सांगितलंय का? मी अंदाजच करतेय, पण या प्रकारच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांची शरीरसंबंधाची इच्छा कमी होते किंवा वीर्य यायला खूप वेळ लागतो, आणि हे सांगायची इतकी लाज वाटते की पुरुष गोळी सोडून देतात पण बोलत नाहीत, त्यात बायको शेजारच्या खुर्चीत बसलेली असली की संपलंच. यावर डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, डॉक्टरांसाठी हे रोजचं आहे. म्हणून तपासणीची पहिली दहा मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. जे तोंडाने निघणार नाही ते त्यांना कागदावर लिहून न्यायला सांगा: गोळी कधी बंद केली, का केली, आता काय त्रास होतोय. इतकं पुरतं, कागद नुसता पुढे सरकवायचा. आणि जुन्या गोळ्या परत आपल्या मनाने सुरू करू नका, दोन महिन्यांचा खंड पडलाय, कितीपासून सुरू करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

त्याच डॉक्टरांकडे जायची सक्ती नाही. जुनी फाईल घेऊन दुसऱ्या मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा आवाज चढला तर "जरा हळू बोला, बाहेर लोक आहेत" असं सरळ म्हणा, त्यात उर्मटपणा काही नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे मिस्टरांनाच ठरवू दे, तुम्ही परस्पर सांगितलंत तर घरात भरवशाचं जे एक माणूस आहे तेही जाईल. पण ती डबी आजच बदला. उद्या सासूबाईंनी अशक्तपणा वाटला म्हणून त्यातली गोळी घेतली तर? गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच कपाटात कुलपात ठेवा.

शेवटचं, आणि यात उशीर नको. "नको झालंय सगळं", "माझ्याशिवाय बरे राहाल" असं काही ते बोलले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्यांना एकटं सोडू नका, थेट दवाखान्यात न्या. मरायचे विचार येतात का हे स्पष्ट विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता, दोन महिने हे सगळं एकटीने सांभाळताय.