अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीचं घरटी मध्यक उत्पन्न वर्षानुवर्षं कसं बदललं, हे कसं काढायचं?

तुम्हाला नॉर्थ डकोटातल्या मॅकेंझी काउंटीचं १९९० पासूनचं दरवर्षीचं घरटी मध्यक उत्पन्न हवंय, आणि जनगणना खात्याच्या एसीएस (अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे) या सर्वेक्षणात वार्षिक आकडा सापडत नाही. तो सापडणारही नाही. एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागांचे निघतात. मॅकेंझीत २०१० साली ६,३६० माणसं होती. अशा ठिकाणी पाच वर्षांचे नमुने एकत्र करूनच अंदाज काढतात.

मी अशाच छोट्या काउंट्यांच्या आकड्यांवर काम करतो. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. लोक २०१३–१७ आणि २०१४–१८ हे दोन अंदाज शेजारी ठेवून 'वर्षभरात वाढ झाली' असं लिहून मोकळे होतात. त्यातली चार वर्षं सामाईक आहेत. तुलना करायची तर एकमेकांत न मिसळणारे गट घ्या: २००५–०९, २०१०–१४, २०१५–१९. प्रत्येक गटाचा आकडा त्याच्या शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतो, त्यामुळे जोडण्याआधी सगळे एकाच वर्षाच्या किमतींवर आणा. त्यासाठी सीपीआय-यू-आरएस हा महागाईचा निर्देशांक चांगला.

आकड्यापुढचा ±, म्हणजे अंदाज चुकण्याचं मार्जिन, कधीही गाळू नका. समजा एका गटात ६१,००० ± ६,५८० आहे आणि पुढच्यात, त्याच किमतींना, ६८,००० ± ८,२२५. हे मार्जिन ९० टक्के विश्वासपातळीचं असतं, म्हणून त्याला १.६४५ ने भागलं की प्रमाणत्रुटी मिळते: ४,००० आणि ५,०००. दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: साधारण ६,४००. पुन्हा १.६४५ ने गुणा, फरकाचं मार्जिन सुमारे १०,५०० येतं. तुमचा फरक ७,००० चा, त्याहून कमी. म्हणजे उत्पन्न वाढलं असं या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. कागदावर सात हजारांची वाढ दिसत असताना असं लिहिणं जड जातं, पण तेच लिहा.

दरवर्षीची मालिका हवीच असेल, तर सायपी (SAIPE, लहान भागांच्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे अंदाज) बघा. हाही जनगणना खात्याचाच कार्यक्रम आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरपासून प्रत्येक काउंटीचा वार्षिक अंदाज त्यात मिळतो. हा अंदाज नुसत्या सर्वेक्षणाचा नसतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदी आणि सर्वेक्षण यांची सांगड घालून मॉडेलने तो काढलेला असतो. काउंटी जितकी लहान, तितका भार मॉडेलवर. दोन गोष्टी सांभाळा. २००५ पासून त्यामागचं सर्वेक्षण बदललं, म्हणून आलेखात तिथे उभी रेघ मारा. आणि हे आकडे त्या-त्या वर्षाच्या डॉलरमध्ये असतात.

त्याआधीच्या काळासाठी दशवार्षिक जनगणना आहे, पण १९९० च्या जनगणनेतलं उत्पन्न १९८९ चं आणि २००० च्या जनगणनेतलं १९९९ चं. २०१० च्या जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता.

दरडोई उत्पन्नाची मालिका १९६९ पासून सलग मिळते, तिचा मोह होईल. पण ती सरासरी आहे, मध्यक नाही. आपल्याकडे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न येतं, तसाच प्रकार. चार बड्या उत्पन्नांनी सरासरी वर जाते, मधलं घर आहे तिथेच राहतं.

आता मॅकेंझीबद्दल, कारण इथे नुसतं गणित पुरत नाही. बाकेन या तिथल्या तेलक्षेत्रामुळे २०२० पर्यंत वस्ती १४,७०४ वर गेली. मध्यक वाढला तर जुनी घरं श्रीमंत झाली की नवी, जास्त कमावणारी घरं आली, हे तो आकडा सांगत नाही. मॅकेंझीतल्या वॉटफर्ड सिटी या गावात आधीपासून पेन्शनवर राहणाऱ्या आजींचं उत्पन्न तेवढंच राहिलं, त्यांच्या भोवतालची घरं बदलली, तरी मध्यक चढतो. शिवाय कामगार छावण्यांत राहणारी माणसं 'घरां'त धरलीच जात नाहीत. आणि २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१५ च्या जानेवारीत पन्नासच्या खाली आलं. २०१२–१६ च्या अंदाजात ही तेजी आणि ही मंदी दोन्ही कालवलेली आहेत. तो आकडा तेजीचाही नाही आणि मंदीचाही नाही.

मार्जिन फारच मोठं आलं तर शेजारची काउंटी जोडून घ्या. पण दोन मध्यकांची सरासरी काढू नका. उत्पन्नाच्या गटांनुसार घरांची संख्या असलेला एसीएसचा बी१९००१ तक्ता घ्या, दोन्ही काउंट्यांच्या घरांची गटागटाने बेरीज करा, संचित वारंवारता मांडा, आणि अर्धी घरं ज्या गटात संपतात त्या गटात दहावीच्या बीजगणितातलं मध्यकाचं सूत्र लावा. तेच सूत्र, काहीही वेगळं नाही. फक्त वर्गांतरं सारखी नाहीत, म्हणून त्या गटाची रुंदी नीट बघून घाला.

सायपीची मालिका आणि एसीएसचे ते तीन गट एकाच आलेखावर काढा, दोन्हींच्या मार्जिनचे पट्टे दाखवून. दोन्ही जुळत नसतील ती वर्षं इथे लिहा, मी बघतो.