प्रश्न: जपानचा काई केन हा शिकारी कुत्रा पुण्यात फ्लॅटमध्ये पाळता येईल का? आम्ही दोघंही नोकरी करतो.

उत्तर: मी जपानमधल्या यामानाशी प्रांतात, कोफू शहराजवळ राहतो. काई हे याच भागाचं जुनं नाव, आणि गेली सहा वर्षं आमच्या घरात काई कुत्री आहे.

हा सगळा डोंगराळ मुलूख. इथले शिकारी हीच कुत्री घेऊन रानडुक्कर आणि हरणामागे जात. १९३४ साली जपान सरकारने या जातीला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून तिला ‘तोरा’ म्हणजे वाघही म्हणतात. आपल्याकडे एखाद्या कुत्र्याचं नाव वाघ्या असतं, इथे अख्खी जातच वाघ्या! पिल्लं मात्र जवळजवळ काळीच जन्मतात. आमच्या कुत्रीचे पट्टे नीट उठून दिसायला दोन-तीन वर्षं गेली.

स्वभाव सांगायचा तर एक पहाट सांगतो. द्राक्षमळ्याच्या कडेने चाललो होतो आणि ती जागीच थांबली. भुंकली नाही, गुरगुरली नाही. कान पुढे, शेपटी ताठ, पुढचा एक पाय उचललेला. मला काहीच दिसेना. मग वीसेक पावलांवर गवत हललं आणि एक रानडुकरीण पिल्लांना घेऊन ओढ्यात उतरली. पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता म्हणून निभावलं. घरात इतकी शांत असते की आहे की नाही कळू नये, पण बाहेर तिला मी कधीच मोकळं सोडत नाही.

निगा फार नाही. वर्षातून दोनदा ढिगाने केस गळतात, तेव्हा रोज विंचरायचं. डासांमुळे हृदयात जंत होतात, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून वेळेवर द्यायची. उन्हाचं म्हणाल, तर कोफूतही उन्हाळ्यात पारा पस्तिशीपुढे जातो. तेव्हा आम्ही पहाटे पाचच्या आत फिरून येतो.

खरी अडचण तुमच्या नोकऱ्यांची आहे. काई एका माणसाला जीव लावतो आणि त्याची वाट बघत बसतो. परक्यांकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे सांभाळायला ठेवलेल्या माणसाशी जुळायलाच महिने जातात. सकाळ-संध्याकाळ तासभर चढ-उताराचं चालणं हवंच. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये तो झुरेल. म्हणून माझं उत्तर ‘नको’ असं आहे. दोघांपैकी एकाचं काम घरून सुरू झालं आणि टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर असली, तर पुन्हा विचारा. तेव्हा मी आनंदाने ‘हो’ म्हणेन.