स्टुटगार्टला सहा महिने राहायचं तर किराणा कुठून घ्यायचा?

तुझा निरोप आईकडून मिळाला. सातपूरच्या कंपनीतर्फे फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी स्टुटगार्टला निघालीस, नवराही बरोबर आहे, दोघंही शाकाहारी, आणि विचारलंयस की ‘मावशी, तिथं चांगलं इंडियन स्टोअर कुठलं आणि नाशिकहून काय काय भरू?’ सध्या मी सुट्टीला गंगापूर रोडलाच आहे. आज बुधवार, सकाळीच गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, बाजारात पिशव्या भरून आले, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात ताजा आहे. उत्तर लांबेल.

पहिलं म्हणजे इंडियन स्टोअरच्या मागे लागू नकोस. मी लागले होते. सुरुवातीचे दोन महिने दर शनिवारी पाऊण तास ट्रामनं जायचे आणि डाळीबरोबर कांदे-टोमॅटोसुद्धा तिथूनच उचलून आणायचे. तेच कांदे घराखालच्या दुकानात निम्म्या पैशांत होते. तिथून तूरडाळ, कणीक, पोहे, मटकी, हिंग, गूळ एवढंच घ्यायचं आणि महिन्यातून एकदाच जायचं. दहा किलोची कणीक स्वस्त दिसली तरी घेऊ नकोस. फर्निचरसकट भाड्यानं मिळणाऱ्या घरात फ्रीज कमरेएवढा असतो, कपाटं दोन, आणि निघताना उरलेलं पीठ कुणाच्या गळ्यात मारायचं हा प्रश्न पडतो.

रोजची भाजी मिळते तुर्की दुकानात. स्टुटगार्टच्या फॉयरबाख किंवा बाड कानश्टाट भागात घर मिळालं तर ही दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर असतील. घर बघतानाच हे बघून घे, पुढे रोज सोय होते. कोथिंबिरीची जुडी आपल्यासारखी भरघोस, पुदिना, पालक, वांगी, भेंडी, काबुली चणे, तीळ, सगळं असतं. फक्त कोथिंबिरीशेजारीच पेटरझिली नावाची हुबेहूब तशी पाल्याची जुडी ठेवलेली असते. वास घेतल्याशिवाय उचलू नकोस; मी एकदा घरी येऊन चटणी वाटेपर्यंत मला पत्ता नव्हता. तिथल्या लांब हिरव्या मिरच्या बहुतेकदा नुसत्या दिसायला मिरच्या. तिखट हवी तर थाई-व्हिएतनामी दुकानातली बोटाएवढी घे, पण ती मोजून दोनच. कढीपत्ताही तिथंच मिळतो. तिथला साबुदाणा मात्र घेऊ नकोस. पाकिटावर टॅपिओका लिहिलेलं असतं, दाणा दिसतो तसाच, पण भिजवला की खिचडीची खळ होते. माझी एक एकादशी अशी चमच्यानं खाण्यात गेली. छोट्या दुकानांत कधी कधी कार्ड चालत नाही, वीस-तीस युरो रोख जवळ ठेवत जा.

बाकी सगळं साध्या सुपरमार्केटात. आल्डी आणि लिडल स्वस्त, रेवे आणि एडेका थोडी महाग पण माल जास्त, काउफलांड अवाढव्य. मसूरडाळ या सगळ्यांकडे असते, डीएम नावाच्या साबण-शाम्पूच्या दुकानातही असते. बटाट्याच्या पिशवीवरचं लिहिलेलं मात्र वाचायचं. ‘फेस्टकोखेंड’ म्हणजे शिजून न फुटणारा, काचऱ्यांना आणि रस्साभाजीला उत्तम. ‘मेलिशकोखेंड’ म्हणजे पिठूळ, बटाटेवडे आणि पराठ्यांसाठी. हे कळेपर्यंत माझे वडे चिकट होत होते आणि मी दोष बेसनाला देत होते. मैद्यावर ४०५ आकडा असतो. १०५० लिहिलेलं पीठ कणकेत थोडं मिसळलं तर पोळी चालून जाते. इंद्रायणी तांदूळ विसर. मऊ भाताची फारच आठवण आली तर ‘मिल्शराईस’, म्हणजे त्यांचा खिरीचा तांदूळ, कुकरला लाव. इगतपुरीचा वास येणार नाही, पण वरण-भात गिळवतो. आणि नवलकोल! इथं शोधावा लागतो, तिथं ढिगानं. शहराजवळच्या फिल्डर पठारावरचा टोकदार कोबीही घेऊन बघ, पचडीला त्याच्यासारखा दुसरा नाही.

दूध-दह्याची काळजीच नको. क्वार्क म्हणून जे मिळतं तो जवळजवळ आपला चक्काच. ४० टक्के फॅटचा घे, फडक्यात तासभर टांग, साखर-वेलची घाल, श्रीखंड तयार. बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत येतं, त्याचं तूप घरीच कढव. शाकाहाराचं म्हणशील तर काही चीजवर ‘लाब’, म्हणजे दूध फाडायचं रेनेट, लिहिलेलं असतं, ते प्राण्याचं असू शकतं. गोळ्या-चॉकलेटांत ‘गेलाटिने’, म्हणजे प्राण्यांपासूनचं जिलेटिन, दिसलं तर ठेवून दे. डबाबंद मसुरीच्या आमटीतही ‘श्पेक’, म्हणजे डुकराची चरबी असू शकते. मला ते तिसऱ्या घासाला समजलं.

आता रविवार. त्या दिवशी सगळं कुलूपबंद, अपवाद रेल्वे स्टेशनातली महागडी दुकानं. नाशिकच्या रविवार कारंज्यावर, भर बाजारात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ईस्टरला तर शुक्रवार, रविवार, सोमवार बंद आणि मधल्या शनिवारी जत्रा. गुरुवारीच उरकून घे. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी मार्क्टप्लाट्झ या मधल्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथं जरूर जा, घासाघीस मात्र करायची नाही. जवळच १९१४ सालची मार्क्टहाले, म्हणजे छताखालची मंडई आहे, इमारत सुंदर, भाव बघून मी फक्त फिरून येते. पिशवी आपली न्यायची, ट्रॉलीला एक युरोचं नाणं लागतं, आणि पाण्याच्या बाटल्या फेकू नकोस: दुकानातल्या मशीनमध्ये परत घातल्या की एकेकीचे २५ सेंट मिळतात. पहिल्या महिन्यात मी किती टाकल्या ते आठवायचं नाही. तसं नळाचं पाणीच पिण्याजोगं आहे.

बॅगेत काळा मसाला, गोडा मसाला, मेतकूट, भगर, खरा साबुदाणा आणि मिसळीसाठी फरसाण भर. मटकी तिथली चालेल, हीटरजवळ फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड. तूप, पेढे, खवा, पनीर मात्र आणू नकोस, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनला. म्हणजे मे महिन्यात सासू-सासरे आले तरी हापूस नाही, आणि कढीपत्त्याची जुडीही नाही.

द्राक्षं तर इथून नेण्याचं कारणच नाही. मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या सुपरमार्केटात डब्यावर मूळ देश ‘इंडिएन’ असा लिहिलेला दिसेल, ती बहुधा आपल्या निफाड-दिंडोरीकडचीच.

कुकर आणू नकोस. इंडक्शनवर चालणारा एक माझ्याकडे जादा पडलाय, मी १० तारखेला परत पोचते, येऊन घेऊन जा. त्या जागी आईच्या हातचे उडदाचे पापड आण, अर्धे माझे.