पहिल्यांदा जुनी चर्च पाहायला निघताना

आपण कोकणातील जुन्या चर्चपासून सुरुवात करणार असाल, तर एका दिवसात दहा ठिकाणे उरकण्याऐवजी वसईच्या किल्ल्यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी हा किल्ला जिंकल्यानंतर तेथील पोर्तुगीज वस्ती ओसरत गेली, आणि आज छप्पर नसलेल्या भिंतींमुळे एरवी गिलाव्याआड दडलेले बांधकाम उघडे दिसते. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये शिरल्यावर प्रथम खाली पाहावे, कारण जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज लेख आहेत आणि नवखे लोक कमानींचे छायाचित्र घेण्याच्या नादात त्यांच्यावरूनच चालतात. (मीही पहिल्या भेटीत तेच केले होते.) त्यानंतर वेदीच्या दिशेने तोंड करून उभे राहावे, मुख्य दालन कोठे संपते आणि बाजूची प्रार्थनास्थाने कोठे सुरू होतात, हे तेथून नीट उमगते.

येथील घंटा मात्र येथे शोधू नयेत. विजयानंतर नेलेल्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे.

पुढे अलिबागजवळच्या रेवदंड्याचा सातखणी मनोरा पाहावा, तो सेंट बार्बराच्या नावाने ओळखला जातो. पावसाळ्यात शेवाळामुळे पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून हिवाळाच बरा. वसई परिसरातील पापडी किंवा नंदाखाल येथील नांदत्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक सामूहिक उपासना, चालू असल्यास कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि मागच्या बाकावर शांत बसावे.