वाटून खाल्लं की स्वर्ग मिळतो, असं मुलांना सांगावं का?

तुमचा मुलगा चार वर्षांचा, धाकट्या बहिणीला खाऊतला कणही देत नाही. आजी त्याला सांगतात, वाटून खाणारा स्वर्गात जातो आणि एकटा खाणारा नरकात. हे चालू द्यावं का, आणि वाटून घेणं मुलांच्या अंगात मुळातच असतं की स्वर्गाच्या आशेनं येतं, असं तुम्ही विचारलंय.

चालू देऊ नका. आजींना दुखवू नका, पण थांबवा.

मी अंगणवाडीत सेविका होते, सातारा जिल्ह्यात, माणदेशात. तीन ते सहा वर्षांची पोरं खिचडीच्या ताटांवर रोज पाहिली आहेत. पण मला सांगायचंय ते अंगणवाडीतलं नाही, आमच्या गावच्या सप्त्यातलं आहे.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. एका वर्षी पोरांनी ठरवलं, आपला काला आपण करायचा. घरोघर हिंडून त्यांनी सामान जमवलं. कुणाकडून ज्वारीच्या लाह्या, कुणाकडून पोहे, दही, लोणच्याचा खार, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. एका घरून खोबऱ्याची वाटी मिळाली, एका घरून नुसतं तांब्याभर ताक. पातेलं माझं होतं, म्हणून मी ओट्यावर बसून होते. वाटायला माझी पुतणी. तिचे वडील म्हणजे माझे थोरले दीर, सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. माळकरी माणूस, सप्त्याचं सगळं त्यांच्याकडे.

ती वाटणी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ताक आणणाऱ्याचा द्रोण आणि खोबरं आणणारीचा द्रोण सारखाच भरला आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांत लहान पोर, खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतात ते, त्याला मिरच्या वेचून दिलं. खोबऱ्याचे तुकडे मोजून वाटले, दोन उरले. ते कुणाला, यावरून आवाज चढायला लागले तशी पुतणीनं ते उचलले आणि कावळ्यांसाठी गोठ्याच्या पत्र्यावर टाकून दिले. कुणालाच नको म्हटल्यावर सगळे गप्प.

तेवढ्यात पुण्याहून आलेला एक पाहुणा पोरगा डोळे चोळत आला. सकाळी सगळे उन्हात हिंडत होते तेव्हा हा झोपला होता. त्यानं हात पुढे केला. पोरं म्हणाली, "तू आलतास का मागायला?" तो रडवेला झाला. पुतणी जरा थांबली आणि म्हणाली, "पातेलं घासून दे, मग तुझा वाटा." पोरगा खुशीनं राखेकडे निघालाही होता.

आणि तात्या आले. "पाहुण्याला उपाशी ठेवता? यम तेलात तळेल एकेकाला! देतो त्याला वैकुंठ." प्रत्येक द्रोणातला घास घास काढून त्यांनी त्या पोराचा द्रोण भरला. सगळ्यांत भरलेला द्रोण त्याचा. तो घेऊन तो भिंतीकडे तोंड करून एकटा बसला. एकानं तात्यांचा हात यायच्या आत खोबरं चड्डीच्या खिशात घातलं. दुपारी लपंडाव रंगला, त्यात त्या पाहुण्याला कुणी घेतलं नाही. पातेलं घासलं असतं तर घेतलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही. तात्यांनी त्याला काला दिला आणि पंगतीतून उठवलं.

मी तेव्हाच बोलले. तात्या म्हणाले, "वहिनी, धाक नसला की पोरं जनावरासारखी खातात." हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ज्या काल्याचं नाव घेऊन तात्यांनी यमाची भीती घातली, त्या काल्याची गोष्ट काय आहे? गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या. पेंद्याची शिळी भाकरी आणि दुसऱ्याचं लोणी एकाच काल्यात. तो बघून स्वर्गातल्या देवांच्या तोंडाला पाणी सुटलं. हात धुताना काही शितं मिळतील म्हणून ते मासे होऊन यमुनेत शिरले. तेव्हा कृष्णानं गड्यांना सांगितलं, हात पाण्यात धुऊ नका, घोंगडीला पुसा. शिदोरी न आणता, गुरं न राखता आयतं खायला आलेल्यांना त्यानं शितही दिलं नाही, मग ते देव का असेनात. आमच्या पोरांनी तर पाहुण्याला वाटही दाखवली होती! तुकोबांनी तर सरळ म्हटलंय, "वैकुंठीं तों ऐसें नाहीं । कवळ कांहीं काल्याचे." तात्या हा अभंग स्वतः गातात. जिथे काल्याचा घासच नाही, त्या वैकुंठाचं आमिष काल्यासाठी कसं दाखवायचं?

मुलांच्या वागण्यावर अभ्यास झालेत, मी आवडीनं वाचते. २०११ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. तीन वर्षांच्या दोन-दोन मुलांनी मिळून दोऱ्या ओढल्या की गोट्या मिळायच्या, पण एकाला जास्त, एकाला कमी. दोघांनी मिळून ओढल्या असतील तर जास्त मिळालेलं मूल बहुतेक वेळा आपण होऊन सारखं करून टाकायचं. मेहनतीशिवाय आयत्या मिळाल्या तर तेवढं नाही. चिंपांझींमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे पोरं जनावरासारखी खातात हे तात्यांचं म्हणणं तिथेच संपलं.

दुसरा अभ्यास २०१५ चा, सात देशांतल्या मुलांवर, त्यात भारतही होता. आपल्याला कमी आणि समोरच्याला जास्त मिळत असेल तर मुलं तो डावच नाकारतात, हे सातही देशांत दिसलं. पण आपल्यालाच जास्त मिळतंय म्हणून नाकारणारी मुलं अमेरिका, कॅनडा आणि युगांडा या तीनच देशांत दिसली, तीही जरा मोठी झाल्यावर. भारतात नाही.

हे वाचून मला आमचं घर आठवलं. मुलग्याच्या ताटात तुपाची धार जास्त, कारण तो पिंड देणार, आईबापांना स्वर्गाची वाट तोच दाखवणार. मुलगी ते जेवताना बघते. मुलगाही बघतो आणि जास्तीचं निमूट खातो. पुढे तोच मोठा होतो. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क कायद्यात आहे, तरी तलाठ्याकडे जाऊन बघा, किती बहिणींची हक्कसोडपत्रं होतात. आमच्या नणंदांनीही सह्या केल्या. त्या दिवशी त्यांना काय मिळालं? एकेक साडी आणि पुरणपोळीचं जेवण. कागद तात्यांनीच तयार करून आणला होता. माझ्या नवऱ्यानंही वाटा घेतला आणि मी त्यालाही तोंडावर बोलले. पोरांच्या द्रोणातलं खोबरं काढायला ज्यांना यम आठवला, त्यांना दहा एकरांच्या वेळी तो आठवला नाही. मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात.

एक सांगायला हवं. मी देवाधर्माच्या विरोधात नाही. धार्मिक घरांतली मुलं कमी वाटून खातात असा एक अभ्यास २०१५ मध्ये गाजला होता. तो दाखवून कुणी तुमच्याशी भांडलं तर लक्षात ठेवा, त्यात देशांना दिलेले क्रमांक हिशेबात आकडे म्हणून धरले गेले होते आणि २०१९ मध्ये तो मागे घेतला गेला. आणि एका काल्यावरून सगळ्या जगातली मुलं कळतात असंही नाही.

तुमचा मुलगा चारच वर्षांचा आहे. या वयात बहुतेक मुलं स्वतःचं आधी बघतात, सारखं वाटण्याची ओढ साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पक्की होत जाते. त्याला दोषी धरू नका. दोघांकडून मिळून काहीतरी करून घ्या. शेंगा फोडू द्या, मटार सोलू द्या आणि त्याचंच खायला द्या. लाडू एकच असेल तर त्यानं फोडायचा आणि बहिणीनं आधी उचलायचा. सुरुवातीला तो वेडावाकडा फोडेल, रडेल, रडू दे. आजींना काल्याची गोष्ट जरूर सांगू द्या, फक्त माशांसकट पूर्ण सांगायला सांगा. आणि दोघांच्या वरणभातावरचं तूप एकाच चमच्यानं, सारखं वाढा.