त्या आर्किटेक्टचं नाव काय?

पोरी,

तुझी सात मिनिटांची व्हॉइस नोट काल रात्री दोनदा ऐकली, सकाळी चहा घेताना परत एकदा. मधे तू रडलीस की नुसती थांबलीस ते कळलं नाही, मागे बसचा हॉर्न चालू होता. प्रश्न मात्र नीट कळला. अपोलो बंदरला तुझ्या ग्रुपच्या शेजारीच तो दुसरा गाइड उभा असतो, ताजकडे हात करून सांगतो की गोरा आर्किटेक्ट सुट्टीला विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे, आणि त्या धक्क्याने त्याने जीव दिला. त्याचा ग्रुप हळहळतो, त्याला टिप मिळते, रिव्ह्यूत पाच स्टार मिळतात. तुझ्या वॉकला मात्र एकीने लिहिलं की माहिती चांगली होती पण थोडं कोरडं वाटलं. आणि आता तू मला विचारतेस, काका, मी पण ती गोष्ट सांगू का, शेवटी लोकांना तेच हवं असतं ना.

नाही. सांगू नको.

तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुलाही माहितीये आणि मलाही. आपल्या दोघांना या इमारतींचं वेड आहे हेही वेगळं सांगायला नको, नाहीतर उन्हातान्हात लोकांना घेऊन काळा घोडा ते कुलाबा कोण फिरलं असतं. तुला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती आणि आज परत तीच सांगतोय: जे दाखवता येत नाही ते सांगू नको. तेव्हा तू हसून मान डोलावलीस, वहीत लिहून पण घेतलंस. आता पहिल्यांदा त्याची किंमत मोजायची वेळ आली तर लगेच व्हॉइस नोट.

रागावू नको. राग तुझ्यावर नाहीये, का ते पुढे कळेल.

ती गोष्ट खोटी आहे हे तुला ठाऊकच आहे. पण खोटी आहे एवढं म्हणून भागत नाही, ती काय लपवते ते बघ. ताजचा आराखडा काढला सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी. वैद्य कोण, तर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली काम केलेला माणूस, ज्या स्टीव्हन्सने बोरीबंदरचं स्टेशन उभं केलं. हॉटेल पुरं होण्याआधीच वैद्य आजारपणात गेले, उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रजाने पूर्ण केलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. आता ती जीव देण्याची गोष्ट परत मनात म्हणून बघ. त्यात वैद्य आहेत का? मिर्झा आहेत? एक बिननावाचा गोरा आहे, एक चूक आहे आणि एक मरण आहे. ज्या मराठी माणसाने ती इमारत कागदावर उतरवली त्याला त्या गोष्टीत शिरायला फटसुद्धा नाहीये. आणि चूक कोणाची दाखवतात? इथल्या बांधकाम करणाऱ्यांची, नकाशा उलटा धरला म्हणे. म्हणजे डोकं गोऱ्याचं आणि घोळ आपला. ही गोष्ट आपण आपल्याच तोंडाने परदेशी पाहुण्यांना रंगवून सांगतो!

उलटं-सुलटं काही झालेलं नाही. इमारत इंग्रजी यू सारखी आहे, दोन हात शहराकडे आणि लांबलचक पाठ पाण्याकडे. घोडागाड्या शहरातून यायच्या, म्हणून दार शहराच्या बाजूला. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे ना, ती जुनी पुढची बाजू. आणि समुद्राकडे भिंत लांब ठेवली की जास्तीत जास्त खोल्यांना समुद्र मिळतो, हॉटेलवाल्याला आणखी काय हवं असतं? हे सगळं दाखवता येतं. ग्रुपला पुढे नेण्याआधी मागे ने, मेरीवेदर रोडला उभं कर, म्हण की तुम्ही टांग्यातून आलाय, आता दार कुठे शोधाल? त्यांनाच शोधू दे. स्वतः शोधलेलं माणूस विसरत नाही.

कोरडं वाटलं म्हणे. अगं, कोरडं वाटलं कारण तू सनावळ्या सांगतेस आणि बोट दाखवत नाहीस. मी मागच्या महिन्यात लांबून तुझा वॉक बघितला, तुला सांगितलं नव्हतं. तू घुमटाबद्दल तीन मिनिटं बोललीस आणि तुझं तोंड ग्रुपकडे होतं. तू घुमटाकडे बघत नव्हतीस, मग ते कशाला बघतील? वळ. पाठ कर त्यांच्याकडे, चालतं. मधला मोठा लालसर घुमट, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट, खालचे पुढे आलेले सज्जे, एकेकावर गप्प राहून वीस सेकंद जाऊ दे. मग विचार की सकाळी बोरीबंदरला घुमट बघितला होता त्याची आठवण होते का. कोणीतरी हो म्हणतंच. तिथे वैद्यांचं नाव घे, स्टीव्हन्सचं घे. नाव असं इमारतीला चिकटलेलं हवं, मग ते कोरडं राहत नाही.

आणि गेटवे. निम्म्या लोकांना वाटतं की गेटवे आधीचा आणि त्याच्यासमोर कोणीतरी हॉटेल टाकलं. गेटवेचा पाया १९१३ चा, काम संपलं १९२४ ला, म्हणजे हॉटेल २१ वर्षांनी थोरलं. बोटीतून येणाऱ्याला तेवढी वर्षं समोर हेच दिसायचं. ग्रुपला गेटवेकडे पाठ करून उभं कर आणि म्हण, हे मागचं पुसून टाका. एवढं पुरे, लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं काय होतं ते.

तुझ्या ग्रुपमधले काहीजण आत उतरलेले असतात, ते चहाला तुलाही घेऊन जातात असं म्हणालीस. मग जिना दाखव की त्यांना! तो मधला जिना खानसाहेब सोराबजी रतनजी या कंत्राटदाराचा, त्यानेच आखला आणि त्यानेच बांधला. खाली आधाराला खांब नाही. लोक त्यावर उभं राहून सेल्फी काढतात आणि जातात. तू त्यांना पायऱ्यांच्या खालून वर बघायला लाव, पायरी भिंतीतून निघते आणि हवेत संपते ते दिसू दे, मग सोराबजी म्हण. आणि भिंतींवरची चित्रं. हुसेन, गायतोंडे, राम कुमार, केवढी मोठी माणसं, आणि चेक-इनच्या घाईत कोणी मान वर करत नाही. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला माणूस. पुढे ब्रश कमी करून रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावायचा, लावायचा आणि काढायचा, थरावर थर. हे सांगून मग चित्रासमोर उभं कर, लोक थर शोधायला लागतात. तारखा कोणाला हव्यात.

२००८ च्या हल्ल्याचं कोणी ना कोणी विचारणारच. गोळ्या कुठे लागल्या, आग कुठे होती. त्याला उत्तर दे पण रंगवू नको. तिथे ३१ माणसं गेली. महालाचा भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला परत उघडला, काजळी आणि पाण्याने खराब झालेली चित्रं एकेक करून साफ केली. ती दुरुस्ती करणारे हात हाच तुझा विषय आहे, बंदूक नाही.

तीच गत वॉटसनची. जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात घेतलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं, हे तर आता शाळेतली पोरंही सांगतात. मला आजवर कोणी त्याचा पुरावा दाखवलेला नाही, म्हणून मी ते सांगणं सोडलं. पण वॉटसन इमारत आहे ना तिथे, काळ्या घोड्याला! बिडाचे खांब, बिडाच्या तुळया, इंग्लंडमधून बोटीने सुटे भाग आणून १८६० च्या दशकात जोडलेलं अख्खं हॉटेल. रोलँड मेसन ऑर्डिशची रचना. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवली. पुढे त्याचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, २००५ मध्ये एक भाग कोसळला, २०१९ ला माणसं बाहेर काढली. आत जाता येत नाही तर राहू दे, रस्त्यावरून खांब दाखव. ज्याला इमारत वाचता येत नाही तो अपमानाची गोष्ट सांगतो. दाखवता येईल तेवढंच सांग, अगं तेवढंच इतकं आहे की दोन तास पुरत नाहीत.

आता माझं सांगतो, जे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी ती गोष्ट अकरा वर्षं सांगितली. सुट्टी, विलायत, परत येणं, आणि मग मी थांबायचो. समुद्राकडे बघायचो. कोणीतरी "देन?" म्हणेपर्यंत तोंड उघडायचो नाही. तो पॉज मी घरी आरशासमोर बसवला होता. टिप चांगली मिळायची, तेव्हा दोन मुलं शाळेत, गिरगावातलं भाडं, सीझन फक्त चार महिन्यांचा, आणि पडताळायला आत्तासारखं हातात मोबाइल नव्हता, सगळे गाइड तेच सांगायचे, मी काय वेगळा

जाऊ दे. हे मी लिहिलं ते खोडत नाही, पण ते कारण नाहीये. लायब्ररी तेव्हाही होती आणि चालत वीस मिनिटांवर होती.

एकदा एक मराठी कुटुंब होतं, अर्धे इथले, अर्धे बाहेरून आलेले. त्यांच्यात एक आजोबा, पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले, हातात काठी, डोक्यावर टोपी. मी पॉज घेतला, जीव दिला म्हणालो, सगळे चुकचुकले. आजोबा पुढे आले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "नाव काय हो त्याचं?" मी म्हटलं, होता कोणीतरी इंग्रज. ते म्हणाले, "मेला म्हणताय, तर नाव तरी बघून ठेवा." बस, एवढंच. चिडून नाही, खवचटपणेही नाही. मग ते बराच वेळ एकटे वरच्या सज्ज्यांकडे बघत उभे राहिले, बोटाने हवेत रेघ मोजल्यासारखं काहीतरी करत होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाने जाणारे नकाशे काढलेला माणूस. मला तेव्हा ते कळलंच नाही, मी पुढच्या स्टॉपची घाई करत होतो.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो आणि वैद्य सापडले. अकरा वर्षं मी त्यांच्याच इमारतीखाली उभा राहून त्यांना पुसत होतो. आजोबांना कळवायला पत्ता नव्हता.

त्यानंतर मी हट्टी झालो, लोक म्हणतात तसा खडूस झालो. माझे ग्रुप कमी झाले, एका कंपनीने काम देणं बंद केलं, बायको दोन वर्षं बोलून दाखवायची आणि तिचंही चुकत नव्हतं. मी चूक केली असं मला आजही वाटत नाही. पण तुला फुकटात पडेल असं मी कधी म्हटलं नव्हतं, ते तूच धरून चाललीस.

मागच्या पावसाळ्यानंतर सावंतवाडीला जाऊन आलो. तिथला राजवाडा, आता त्यातही हॉटेल आहे, आणि दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवत बसतात. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी १९७० च्या दशकात ही मरत आलेली कला उभी केली. दशावतारी संचात १२० गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. मी एका बाईंच्या शेजारी अर्धा तास बसलो. त्या कूर्माच्या पत्त्याची किनार काढत होत्या. आधी मला वाटलं हात किती स्थिर आहे, मग लक्षात आलं की ब्रश हलतच नाहीये, डाव्या हाताच्या तीन बोटांनी त्या पत्ताच फिरवतायत, अगदी हळू, आणि रेघ आपोआप गोल येत्येय. तेवढ्यात चारजण आले, फोटो काढले, राणीसाहेब कुठल्या खोलीत राहायच्या ते विचारलं आणि गेले. पत्ता कसा फिरतो ते एकानेही बघितलं नाही. त्यांचा दोष नाही. शेजारी बोट दाखवणारं कोणी नव्हतं. ते आपलं काम आहे, पोरी, आपलं म्हणजे तुझं आणि माझं.

आणि आता राग कुणावर ते. तू ज्या गाइडबद्दल बोलतेस तो उंच, चष्मेवाला, पांढरी टोपी घालतो, बरोबर? तो जीव देण्याच्या आधी थांबतो आणि समुद्राकडे बघतो, बरोबर? तो पॉज माझा आहे. तो पोरगा माझ्याकडेच शिकला, त्या आजोबांच्या आधीच्या काळात. मी सुधारलो, त्याला सांगायला गेलो नाही. वाटलं, बघेल त्याचं तो. तुला पाच स्टार मिळत नाहीत त्यात माझा वाटा आहे, आणि मी तुलाच इथे चार पानं सुनावतोय.

गुरुवारी चार वाजता ये. पुढे नको, मागे मेरीवेदर रोडला. दुर्बीण असेल तर आण, नसेल तर मी आणतो. वही आणू नको. त्याला काल फोन केला होता, उचलला नाही. आज संध्याकाळी परत करणार आहे. आला तर तिघं मिळून त्या भिंतीला एक चक्कर मारू.

— काका