शेवेलचा गिअरबॉक्स, बोनसचे साडेसहा हजार आणि दुकानाचं 'नो इंटरेस्ट' कार्ड

नोव्हाय, मिशिगनहून एका वाचकाचं पत्र आलंय. मूळचे चिंचवडचे, डेट्रॉइटच्या ऑटो लाइनमध्ये इंजिनिअर, एच-१बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. दोन वर्षांपूर्वी १९७० ची शेवरलेची शेवेल मालिबू घेतली, ३५० व्ही८ इंजिन, मागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो ३५०. पुण्यात असताना सगळं आयुष्य क्लच दाबण्यात गेलं त्यामुळे ऑटोमॅटिकमध्ये मजा येत नाही म्हणतात. गिअरबॉक्सच्या कामाचे दुकानाने तीन कोट (खर्चाचे अंदाज) दिलेत. पहिला, आहे त्याच बॉक्समध्ये फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या दाबाने गिअर टाकणारा भाग), रॅचेट शिफ्टर (एका झटक्याला एकच घर सरकणारा लिव्हर), नवीन कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला देणारा भाग) आणि रिबिल्ड (बॉक्स उघडून आतून नवा करणं), ३,१०० डॉलर. दुसरा, ओव्हरड्राइव्हवाला (हायवेवर इंजिन सावकाश फिरवणारा चौथा गिअर असलेला) ऑटोमॅटिक ७००आर४, फिटिंगसकट ४,८००. तिसरा, पाच गिअरचा खराखुरा मॅन्युअल, क्लच पेडलसकट ८,५००. टॅक्स कापून बोनस येणार ६,५००, आणि दुकान १२ महिने नो इंटरेस्ट कार्डही देतंय. बायको म्हणते तुम्हाला वेड लागलंय, तुम्ही सांगा.

वेड लागलेलं नाही, पण वहिनींचं ऐकायची वेळ आलीय एवढं नक्की.

तिसरा कोट आत्ता विसरा, साडेआठ हजार तुमच्याकडे नाहीत, विषय संपला. पहिल्यावर मात्र जरा बसून बोलू कारण तुमचं मन तिथेच अडकलंय हे पत्रातूनच कळतंय.

फुल मॅन्युअल म्हणजे गाडी स्वतःहून गिअर टाकतच नाही, क्लच पेडल नाही पण पहिला, दुसरा, तिसरा सगळं तुम्ही लिव्हरने टाकायचं, विसरलात तर गाडी आहे त्याच गिअरमध्ये राहणार, किकडाउन (ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आपोआप खालचा गिअर) पण नाही. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या रेसच्या ट्रॅकवर) याच्यासारखं सुख नाही, दरवेळी त्याच आरपीएमला तोच शिफ्ट, खाडकन. पण तुम्ही चालवणार डेट्रॉइटच्या सिग्नलवाल्या वुडवर्ड रस्त्यावर. मी अशा एका गाडीत शेजारी बसून आख्खी वुडवर्ड केलीय, ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी, ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या गर्दीत. पहिली अर्धी मैल मित्र हसत होता, मग सिग्नल, पुन्हा सिग्नल, दर वेळी लिव्हर, आणि कुठल्यातरी सिग्नलला गप्पांच्या नादात गाडी तिसऱ्यातच राहिली आणि हिरवा लागल्यावर तशीच निघाली, म्हणजे निघाली कसली, म्हशीसारखी उठली. तेव्हा सगळी मेहनत कन्व्हर्टर करतो आणि तेल तापतं. संध्याकाळी डिपस्टिक काढली तर तेलाला करपलेल्या फोडणीचा वास.

आणि एक, या व्हॉल्व्ह बॉडी बऱ्याचदा रिव्हर्स पॅटर्नच्या येतात, म्हणजे न्यूट्रलच्या लगेच खाली पहिला, मग दुसरा, मग तिसरा. रेसिंगला ते बरोबर आहे कारण वरचा गिअर टाकताना चुकून न्यूट्रलमध्ये जात नाही. पण वहिनी कधीतरी गाडी काढतात असं तुम्हीच लिहिलंय. सवयीने न्यूट्रलच्या खालच्या घरात टाकतील आणि आय-७५ हायवेला पहिल्या गिअरमध्ये लागतील, आणि मग घरी जे होईल त्याचा कोट कुठलंच दुकान देत नाही. (हा प्रश्न जुनाच आहे हो. १९६७ च्या पॉन्टिॲक जीटीओत हर्स्टचा ड्युअल गेट शिफ्टर यायचा, त्याला लोक 'हिज अँड हर्स' म्हणायचे, एका बाजूला साधं ऑटोमॅटिक, दुसऱ्या बाजूला हाताने एकेक गिअर. पॉन्टिॲक गाव तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, त्या लोकांना संसार कळत होता.)

आता ३,१०० च्या कोटाकडे बघा. व्हॉल्व्ह बॉडी बदलायला ट्रान्समिशन खाली उतरवावं लागत नाही, खालचा पॅन काढला की ती तिथेच बोल्टवर असते. मग रिबिल्ड कशाला? बॉक्स आजारी आहे का? पत्रात तर तुम्ही म्हणता गाडी छान चालते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातला प्रकार वाटतोय. दुकान फसवतंय असं मी म्हणत नाही, हाय स्टॉल (जास्त आरपीएमला पकड घेणारा) कन्व्हर्टर टाकायचा तर बॉक्स उतरवावाच लागतो आणि उतरवला की आतल्या क्लच प्लेटाही बदलून घ्या असं कुठलाही मेकॅनिक म्हणेल. पण तो कन्व्हर्टर तुम्हाला हवाय की दुकानाला? कोट फोडून मागा, पार्ट वेगळे, मजुरी वेगळी, आणि तेलाचा कूलर व त्याच्या लाइनी फ्लश (आतून साफ) करणार का हे लेखी घ्या. हे मी पैसे घालवून शिकलोय. माझ्या जुन्या गाडीचा बॉक्स एका दुकानाने रिबिल्ड केला, कूलर तसाच ठेवला, त्यातला जुना धातूचा चुरा नव्या बॉक्समध्ये गेला आणि सहा आठवड्यात १,९०० डॉलर पाण्यात. वॉरंटी पार्टवर होती, मजुरीवर नव्हती.

आता वापराचा हिशोब. रस्त्यावर मीठ पडतं म्हणून तुमची गाडी नोव्हेंबर ते एप्रिल झाकलेली, गेल्या वर्षी फिरली ९०० मैल. तीन वर्षांत २,७०० मैल धरा, म्हणजे ३,१०० डॉलरमध्ये फक्त गिअर हाताने टाकायचे मैलाला एक डॉलर पंधरा सेंट, पेट्रोल वेगळं. हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, पण बिल असतं ना. आणि विकताना हे पैसे परत येतील असं धरू नका, मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडीवाली गाडी म्हटलं की घरगुती गिऱ्हाईक पळतं, उरतात रेसवाले आणि ते घासाघीस करतात. तोटा झाला तर टॅक्समध्ये दाखवता येत नाही, फायदा झाला तर मात्र दाखवावा लागतो, हे पण लक्षात असू द्या.

दुसरा कोट मला पैशाच्या अंगाने जास्त पटतो, फक्त आत्ता नाही. तुमच्या मागच्या ॲक्सलला ३.७३ चा गिअर आहे, २६ इंची टायरवर ७० च्या स्पीडला इंजिन साधारण ३,३७० आरपीएमला ओरडत असणार, मुलगी कानावर हात ठेवते ते त्यामुळेच. ७००आर४ चा चौथा ०.७० चा, त्यात तेच इंजिन २,३६० वर येईल, म्हणजे गाडीत बोलता येईल. हा खर्च घरातल्या तिघांनाही मिळतो. पण दुकानाला २००-४आर या दुसऱ्या ओव्हरड्राइव्ह बॉक्सबद्दलही विचारा, लांबीला तो तुमच्या छोट्या टेलच्या टर्बो ३५० एवढाच आहे त्यामुळे ड्राइव्हशाफ्ट (मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) बहुतेक वाचेल, क्रॉसमेंबर (बॉक्स ज्यावर टेकतो ती आडवी पट्टी) तेवढा मागे घ्यावा लागेल. दोन्हीत टीव्ही केबल (थ्रॉटलपासून बॉक्सकडे जाणारी तार) नीट सेट केली नाही तर प्रेशर कमी पडून क्लच जळतात, तेव्हा तिथे स्वस्तातला माणूस शोधू नका.

'नो इंटरेस्ट' कार्डाला मात्र हातही लावू नका. बारीक अक्षरं तुम्ही फोटोत पाठवलीत ते बरं केलंत, ते डिफर्ड इंटरेस्ट आहे, २८ टक्के. म्हणजे व्याज माफ नाही, बाजूला मोजत ठेवलेलं असतं. ४,८०० घेतले, महिन्याला ३५० भरले, वर्षाअखेरीस ६०० राहिले, तर व्याज त्या ६०० वर नाही लागत, पहिल्या दिवसापासूनचं सगळं एकदम अंगावर येतं, ८०० च्या वर. उरलेल्या रकमेपेक्षा व्याज मोठं!

आता गाडी सोडून बोलतो, रागावू नका. महिन्याचा खर्च ५,२०० लिहिलाय आणि बाजूला १४,००० आहेत, म्हणजे तीन महिने पण नाहीत. तुम्ही एच-१बी वर आहात, नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस, त्यात दुसरी नोकरी नाही तर गाशा गुंडाळायचा, तिकिटं, लीज मोडायचा दंड, सामान, आणि गॅरेजमधली शेवेल घाईत पडेल त्या भावाला विकायची. ऑटो लाइनमध्ये कपात कशी येते ते तुम्हाला मी काय सांगू. तुम्हाला सहा महिन्यांचे ३१,००० तरी पाहिजेत. आणि ४०१के (रिटायरमेंटच्या खात्या) मध्ये तुम्ही पगाराचे ४ टक्के टाकता, कंपनी ६ पर्यंत डॉलरला पन्नास सेंट देते. १,१८,००० पगारावर ते वरचे दोन टक्के म्हणजे वर्षाला २,३६०, त्यावर कंपनीचे १,१८० फुकट, आणि ते तुम्ही दरवर्षी टेबलावर ठेवून उठताय. हातात येणारा पगार महिन्याला दीडशेच्या आसपास कमी होईल, झेपेल.

मग गाडीला काय? ९०० द्या. चांगला रॅचेट शिफ्टर घ्या, चार गिअरलाही चालणारा बघून घ्या म्हणजे उद्या ओव्हरड्राइव्ह टाकलात तरी तोच वापरता येईल, त्याबरोबर साधा शिफ्ट किट (गिअर झटपट पडावेत म्हणून व्हॉल्व्ह बॉडीत बसणारे छोटे पार्ट), फिल्टर, नवं तेल आणि एक बरा कूलर. लिव्हर खाली पहिल्यावर ठेवून निघा, दुसरा स्वतः टाका, तिसरा स्वतः टाका, तुमचा टर्बो ३५० हे आजही करू देतो, फक्त साध्या लिव्हरने भीती वाटते की डी च्या पुढे न्यूट्रलमध्ये जाईल आणि इंजिन बोंबलेल, रॅचेटला एका झटक्यात एकच घर पुढे. कंटाळलात की डी मध्ये टाका, वहिनींनाही चालवता येईल. जुना शिफ्टर आणि त्याचे बोल्ट पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. विमा हॅगर्टीसारख्या अग्रीड व्हॅल्यूवाल्याचा (गाडीची किंमत आधीच ठरवून देणाऱ्या कंपनीचा) असेल तर बदल कळवून टाका.

उरलेले ५,६०० बाजूच्या खात्यात, म्हणजे १९,६०० होतील, पावणेचार महिने. एक सीझन असं चालवा, ऑक्टोबरमध्ये फुल मॅन्युअलची खाज तेवढीच असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा पण मी बहुतेक ओव्हरड्राइव्हच म्हणेन, पण रोखीने.

या रविवारी एवढंच करा, गाडी चांगली गरम करून, पार्कमध्ये चालू ठेवून डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि फोटो पाठवा. लालसर गुलाबी असेल तर रिबिल्डचा विषय बंद, तपकिरी आणि करपट वास असेल तर हे सगळं गणित मी परत करतो. आणि बोनस यायच्या आधी एचआरच्या पोर्टलवर जाऊन ४ चे ६ करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे, गाडी काय एप्रिलपर्यंत तशीही झाकलेलीच आहे.